ज्या खोलीला तुझं नाव द्यायचं होतं

उदयमामा,

कंपनीने तुझ्यासाठी शोकपत्रक काढलंय. जाड, गुळगुळीत कागद, कोपऱ्यात टाय लावलेला तुझा फोटो. ‘आमच्या परिवाराचा आधारस्तंभ एका दुर्दैवी घरगुती अपघातात हरपला.’ कॉलेजपासून मी पत्रकंच लिहीत आलेय, पुण्यात कामगारांच्या आरोग्याचं काम करते तेही मुख्यतः पत्रकांचंच, त्यामुळे कुठला शब्द कुणी आणि कशासाठी बसवला हे मला वाचताक्षणी कळतं. ‘घरगुती’ वकिलाने बसवलाय. ‘परिवार’ एचआरने. ‘हरपला’ मात्र तुझ्या हाताखालच्या कुणा मराठी पोराने लिहिलं असणार. त्याला बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं असेल.

हे माझं पत्रक. कागद नेहमीसारखाच स्वस्तातला आहे.

तू घरात भाजलास, एवढं त्यांचं खरं आहे. मामी तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती. ओमानमध्ये, खाबुऱ्याच्या घरात तू एकटा. गॅसची रबरी नळी तडकली आणि स्वयंपाकघर गॅसने भरलं. शेजारच्या अबू सईदच्या बायकोला भिंतीपलीकडे, अंगणात, वास आला. ती त्याला म्हणत होती की जा, दार वाजव, उठव त्यांना. तेवढ्यात तू उठून, फोनवर बातम्या वाचत, चहासाठी लायटर पेटवलास. सिलिंडरच्या शेजारी उभा राहून.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा तू बोलू शकत नव्हतास. मी बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही, पण तू एकदा भुवई उडवलीस. ‘उद्गारचिन्हं कमी कर’ म्हणताना उडवायचास तशी. काही दिवसांनी गेलास.

त्यानंतर भेटायला आलेला प्रत्येक माणूस मला तेच विचारत होता. असं कसं गं झालं? उदयसाहेबांना वास आला नाही? सगळ्या जगात उदयसाहेबांनाच वास आला नाही?

नाही आला. मामा, तुला कसलाच वास येत नव्हता. हे कुणाला सांगायचं नाही असं तू मला बजावलं होतंस. मी आता सांगतेय. छापून सांगतेय.

जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं लिहावं लागेल. तू काय करायचास हे मलाही आधी कळलं नव्हतं. बाबांची इब्री गावातली नोकरी सुटली, आई-बाबा पुण्याला परतले आणि बारावी होईपर्यंत मी तुझ्याकडे राहिले. शाळेत मुलं विचारायची, युवर अंकल डज व्हॉट? मी सांगायचे, ही स्मेल्स प्लास्टिक. वर्ग हसायचा. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, “बरोबर सांगितलंस. फक्त ‘पगार घेऊन’ हे विसरलीस.”

जपानी रसायन कंपनीचा हा कारखाना प्लास्टिकचा दाणा बनवतो. बरीच वर्षं तो दाणा बादल्यांना आणि पाइपांना जायचा. मग कंपनीला युरोपातल्या गाड्यांच्या बाजारात शिरायचं होतं. डॅशबोर्ड, दाराच्या आतली पट्टी, काचांमधल्या खांबावरचं आवरण. तिथल्या गाडीवाल्यांची एक अट फार कडक असते. उन्हात तापलेल्या गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाला प्लास्टिकचा वास येता कामा नये. यंत्राने तपासता येतं, तसं तपासतातही, पण शेवटचा शब्द माणसाच्या नाकाचा. काचेच्या बरणीत प्लास्टिकची पट्टी ठेवायची, भट्टीत तापवायची, झाकण किलकिलं करून हुंगायचं आणि गुण द्यायचे; वास जास्त तितके गुण जास्त, तीनपर्यंत पास. त्यासाठी हुंगणाऱ्या माणसांचं पॅनल असतं, आणि त्या पॅनलचा प्रमुख तू.

पॅनलच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, पान नाही, अत्तर नाही, सुगंधी साबण नाही. मामी आदल्या संध्याकाळपासून वैतागलेली. “तुमच्या जर्मन साहेबाला गाडीत वास नको, म्हणून माझ्या आमटीत हिंग नको. उद्या म्हणतील मीठ घालू नका, आवाज येतो.” तू ती बिनहिंगाची आमटी भुरकून म्हणायचास, “आजारी माणसाचं पथ्य असतं, माझं निरोगी माणसाचं पथ्य.” मला तुझा हेवा वाटायचा. माझ्या ओळखीत कुणाचंच शरीर एवढं महत्त्वाचं नव्हतं की अख्खं घर त्याच्यासाठी फोडणी बदलेल.

निरोगी माणसाचं पथ्य! हे वाक्य आठवलं की आता माझी मूठ वळते.

कारण दाण्यातून वास काढायचा म्हणजे तो कुठेतरी जाणार ना? मला हे कळायला माझी अर्धी केमिस्ट्री लागली, जी तूच शिकवली होतीस. एक्स्ट्रूडर नावाच्या मशिनमध्ये प्लास्टिक वितळतं, वितळताना त्यातून वाफा निघतात, त्या वाफा खेचून घेतल्या की दाणा बिनवासाचा होतो. खेचलेल्या वाफा शेडबाहेर न्यायला मोठा एक्झॉस्ट लागतो. तो बसवलाच नव्हता. वाफा मशिनच्या तोंडाशी सोडून द्यायचे, आणि मशिनच्या तोंडाशी, युरोपला चालेल असा माल जमेपर्यंत, महिनोन् महिने उभा होतास तू. तू आणि इक्बालभाई. गाडीत बसणाऱ्याला नको असलेला सगळा वास तुम्ही दोघांनी नाकाने उचलला.

इक्बालभाई म्हणजे लाईनचे सुपरवायझर, रत्नागिरीकडचे, पॅनलवर तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारे. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा पाठवणारे आणि दिवाळीला मामीकडून चकली हक्काने मागून नेणारे.

मला तुझं गुपित कळलं ते अबू सईदच्या घरी. आठवतंय? मी कॉलेजच्या सुट्टीत आले होते आणि त्याने आपल्याला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर त्याचा मुलगा धुपाटणं घेऊन फिरायला लागला. निखाऱ्यांवर बखूर टाकतात, सुगंधी लाकडाचे तुकडे, आणि पाहुण्याने धूर अंगावर घ्यायचा. पोरगं तुझ्यासमोर आलं. तू डोळे मिटलेस, दोन्ही हातांनी धूर ओढून घेतल्यासारखं केलंस, छाती भरून श्वास घेतलास आणि म्हणालास, “माशाल्ला! काय दरवळ आहे!”

त्या पोराने बखूर अजून टाकलाच नव्हता. नुसते निखारे होते.

अबू सईद पोट धरून हसला. त्याला वाटलं, साहेब गंमत करतायत. तूही हसलास. मी मामीकडे पाहिलं आणि मामी ताटात नसलेलं काहीतरी बोटाने गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मी तुला गाठलं. मासळी उतरत होती, आपण अगदी जवळ उभे होतो.

“मामा, इथे कसला वास येतोय?”

“मासळीचा. दुसरा कसला येणार?”

“दिसतेय म्हणून सांगतोयस. डोळे मीट आणि सांग.”

तू डोळे मिटले नाहीस. समुद्राकडे बघत म्हणालास, “पॅनलमध्ये मी इक्बालची भुवई बघतो. त्याची भुवई वर गेली की चार. नाही गेली की तीन.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे माझं पेन बघतात. मी लिहिलं की ते लिहितात. मी साहेब ना.”

जपानी माणसाने नियम करून दिला होता की प्रत्येकाने स्वतंत्र हुंगायचं, स्वतंत्र लिहायचं, बोलायचं नाही. तुम्ही कुणी बोलत नव्हता. पण वरिष्ठांच्या आधी आपला आकडा लिहायचा हे आपल्या माणसाच्या हाताला जमतच नाही. नियम शब्दाला होता, अदबीला नव्हता. युरोपातल्या गाड्यांचा वास ठरवणारं एक अख्खं पॅनल एका नाक गेलेल्या माणसाच्या पेनाकडे बघत बसलं होतं! हे मला तेव्हा इतकं भयंकर वाटलं की मी हसले. तूही हसलास. मग मी विचारलं, कंपनीला माहीत आहे का?

“ओकुदासानला सांगितलंय.”

ओकुदासान म्हणजे कारखान्याचे जपानी मुख्य; ‘सान’ म्हणजे आपलं ‘साहेब’. तू सांगितलंस ते मी जसंच्या तसं लिहिते. लाईनवर उभं असताना तू त्यांना म्हणालास की मला वास येईनासा झालाय, डॉक्टरकडे पाठवा, पॅनलवर दुसरा माणूस घ्या, आणि आधी एक्झॉस्ट बसवा. ते म्हणाले, उदयसान, युरोपची मंजुरी तोंडावर आली आहे. पॅनलचा प्रमुख बदलला तर सगळं पहिल्यापासून. मंजुरी होईपर्यंत थांबू या. इक्बालभाई तिथेच होते, पाना हातात घेऊन.

मंजुरी झाली. तुला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. हंगेरीत नवा कारखाना काढायचं ठरलं, तिथल्या पॅनलला तुझीच पद्धत शिकवायचं ठरलं. एक्झॉस्ट पुढच्या वर्षावर गेला. नंतर त्याच्याही पुढच्या.

आपलं भांडण इथून सुरू झालं आणि तू अर्ध्यात उठून गेलास.

मी म्हणायचे, तक्रार कर. त्या गाडी कंपनीला कळव, त्यांना आपल्या पुरवठादाराच्या कामगारांची जबाबदारी टाळता येत नाही. तू म्हणायचास, “ऑर्डर गेली तर लाईन बंद. लाईन बंद तर रत्नागिरीची, रायगडची पोरं पुढच्या विमानाने घरी. तुझं पत्रक त्यांच्या घरी शिजवून खायचं का?”

मी म्हणायचे, ते तुमच्या भीतीवरच जगतात. तू म्हणायचास, “तुझ्या पत्रकात कंपनी नेहमी राक्षस असते. ओकुदासान राक्षस नाही गं. माझ्या वाढदिवसाला स्वतः केक घेऊन आला होता.”

“राक्षसाने केक आणू नये असा नियम आहे का?”

“केक चांगला होता पण.”

“चव लागली तुला?”

नाक गेलं की चवही जाते हे मला तेव्हा माहीत होतं. मी मुद्दाम विचारलं होतं. भांडणात मी अशीच आहे आणि तुला ते आवडायचं, किंवा निदान तू आवडल्यासारखं दाखवायचास, बखूर हुंगल्यासारखं.

माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी मी तुला पाठवायचे. तू लाल खुणा करून परत पाठवायचास. “तीन उद्गारचिन्हांनी धूर कमी होत नाही.” “इथे ‘नराधम’ काढ, ‘व्यवस्थापक’ लिही. तेवढंच लागेल आणि कोर्टात टिकेल.” माझी पत्रकं लोक वाचतात त्याचं कारण तू आहेस. ज्या हाताने मला नेमकं लिहायला शिकवलं त्याच हाताने तू न हुंगलेल्या बरणीला तीन गुण देत होतास. हे दोन हात मला अजून एका माणसाला जोडता येत नाहीत. जोडायचेही नाहीत. मी दोन्ही हातांशी भांडणार आहे, आणि दोन्ही हात आठवणार आहे.

तुझे दिवस झाले आणि कंपनीचा फोन आला. वास तपासायच्या खोलीला तुझं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटी. युरोपहून गाडी कंपनीची माणसं येणार होती, हंगेरीच्या कारखान्याची घोषणा त्याच दिवशी. मामीने चार शब्द बोलावेत, मराठीत चालेल, भाची इंग्रजीत सांगेल. म्हणजे मी.

मामा, राग कसा असतो माहीत आहे? मला वाटायचं तो गरम असतो. त्या फोननंतर मी शांतपणे कपडे वाळत घातले. मला न्याय, सुधारणा, संवाद यातलं काही नको होतं. ज्या खोलीने तुझं नाक खाल्लं आणि म्हणून तुझा जीव घेतला, त्या खोलीच्या दारावर तुझं नाव चमकणार होतं आणि त्याखाली उभं राहून ते दाणा विकणार होते. मला ती पाटी त्यांच्या घशात घालायची होती.

पण त्यात एक अडचण होती, आणि ती अडचण तू होतास. मी सत्य सांगितलं तर पहिला डाग तुझ्यावर. उदयसाहेब खोटे गुण देत होते. उदयसाहेबांनी फसवलं. तू ओकुदासानना सांगितलं होतंस याला साक्षी एकच माणूस.

मी इक्बालभाईंना चहाच्या टपरीवर भेटले. त्यांनी माझ्यासाठी कडक चहा मागवला, स्वतःचा तसाच ठेवला.

“तुम्ही होतात ना तिथे? ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग सांगाल?”

“सई, ऐक. उदयसाहेब गेले, आता त्यांना कोण काय करणार? आम्ही जिवंत आहोत ना बाबा. व्हिसा यांच्या हातात, पोरांची शाळा यांच्या हातात. तू बोलणार आणि विमानात बसणार. आमचं खलास.”

“मामा तुमच्यासाठी गप्प राहिला.”

“म्हणूनच सांगतो. त्यांनी जे झाकलं ते तू उघडू नकोस. मी काही बोलणार नाही. इन्शाल्ला तूही बोलणार नाहीस.”

मी त्यांना काहीतरी टोचून बोलणार होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि मला राग धरता आला नाही. दुसऱ्या कुणावर तरी धरायचा म्हणून मी तो जपून ठेवला.

घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. ती नवीन गॅसची नळी लावणाऱ्या माणसाला पाणी देत होती. तो गेल्यावर ती शेगडीजवळ उभी राहिली. पेटवली नाही.

“मी जायला नको होतं,” ती म्हणाली.

“मामी, तू आयुष्यभर त्याचं नाक बनून घरात बसायचं होतं का? हे काम तुझं होतं की कंपनीचं?”

“तू पत्रकासारखं बोलू नकोस माझ्याशी.”

मग तिनेच विचारलं, “लोक उदयला लबाड म्हणतील?”

“म्हणतील.”

“तू म्हणशील?”

“मी भांडेन त्याच्याशी. लबाड नाही म्हणणार.”

तिने ओटा पुसायला घेतला. आधीच स्वच्छ होता. “लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून तो गप्प राहिला,” ती म्हणाली. “मेला. अजून किती चांगलं म्हणवून घ्यायचंय? बोलू मी. पण तुझं भाषण नको देऊस मला. मी माझं बोलेन, तू फक्त सांग त्यांना.”

कार्यक्रम गेल्या आठवड्यात झाला. पाटीवर पांढरा रुमाल टाकलेला. पुढच्या रांगेत युरोपहून आलेली माणसं, त्यांची प्रमुख कारिन नावाची बाई, आखूड पांढरे केस, मांडीवर वही. मागे लाईनवरची पोरं धुतलेल्या गणवेशात. ओकुदासान तुझ्या फोटोसमोर बराच वेळ वाकून उभे राहिले. ते खोटं नव्हतं, हेही लिहिते. तूच म्हणतोस ना, नेमकं लिही.

त्यांनी भाषणात तुझ्या नाकाला सोन्याचं म्हटलं. मग मामी उठली.

“तुम्ही सगळे माझ्या नवऱ्याबद्दल चांगलं बोललात. पण त्याला वास येत नव्हता. कित्येक वर्षं येत नव्हता. रोज सकाळी दूध नासलंय का ते मी हुंगून सांगायचे. त्याचं नाक इथे गेलं. मी घरी नव्हते, घरात गॅस भरला, त्याला कळलं नाही. ज्या खोलीपायी त्याचं नाक गेलं तिला त्याचं नाव देऊ नका. एवढंच.”

मराठी समजणाऱ्यांना आधी कळलं. मागच्या रांगा अशा गार पडल्या की पुढच्यांनी मान वळवून पाहिलं. मग मी इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही, मामा. एकही विशेषण नाही.

ओकुदासान उठले. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, आम्हाला हे ऐकून धक्का बसला आहे. उदयसान यांनी ही गोष्ट कंपनीपासून लपवली याचं आम्हाला दुःख आहे. विश्वासाला तडा गेला, तरीही आम्ही त्यांच्या कुटुंबासोबत आहोत.

लपवली! मी याचीच वाट बघत होते आणि तरी ते ऐकून माझे कान तापले. तुला केक देणारा हा माणूस. तू गप्प बसून ज्याची मंजुरी वाचवलीस, त्याने तुला पहिल्याच धक्क्याला विकलं. पटलं का आता? की अजूनही राक्षस नाही तो?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागून खुर्ची सरकली.

“ओकुदासान, मैं वहीं खड़ा था।”

इक्बालभाई. ते मधल्या वाटेने पुढे आले, फोटोजवळ थांबले. त्यांनी हात मागे बांधले. मला म्हणाले, “सई, तू सांग यांना. हे माझ्या इंग्रजीत मावणार नाही.” आणि मराठीत बोलले. की उदयसाहेबांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, नाक गेलंय, मला काढा, एक्झॉस्ट बसवा. की यांनी सांगितलं, मंजुरीपर्यंत थांबा. “माणूस मेला तर मेला, मी गप्प बसलो असतो,” ते म्हणाले. “पण मेलेल्याला झूठा म्हणायचं नाही. ते नाही चालणार.”

इक्बालभाईंना सध्या घरी बसायला सांगितलंय. गाडी कंपनीने मंजुरी थांबवून ठेवली आहे. लाईनवरची काही पोरं मला बघून रस्ता बदलतात आणि एकाने तोंडावर म्हटलं, आमच्या पोटावर पाय दिलास. तुझा मुद्दा खोटा नव्हता, मामा, मी कधीच तसं म्हटलं नाही. कंपनीच्या चुकीची शिक्षा कुणाला व्हावी यावर आपलं भांडण होतं. मी आता रोज त्या गाडी कंपनीला लिहितेय की ऑर्डर तोडून पळू नका, थांबा, एक्झॉस्ट बसवून घ्या, सगळ्यांची नाकं तपासा, इक्बालभाईंना कामावर घ्या. ऑर्डर तोडली तर तुम्हीही ओकुदासानसारखं कामगारालाच सोडलंत असं लिहिते. उद्गारचिन्ह नाही. ‘नराधम’ नाही. यातून काय निघेल मला माहीत नाही. तू असतास तर लाल खुणा केल्या असत्यास. खूप केल्या असत्यास. मला त्या हव्या आहेत आणि तू नाहीस, आणि याबद्दल मी कुणालाच माफ करणार नाही, तुलासुद्धा.

पण त्या दुपारचं थोडं राहिलंय. तुला ते ऐकायला आवडणार नाही आणि मला सांगायचंच आहे.

इक्बालभाईंचं बोलणं झाल्यावर कारिनबाई म्हणाल्या, मला ती जागा बघायची आहे. ओकुदासान म्हणाले, आज गर्दी आहे, उद्या व्यवस्थित दाखवतो. बाई म्हणाल्या, आत्ता. मग आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. लाईन चालू होती, युरोपचाच माल. मशिनच्या तोंडातून गरम प्लास्टिकच्या शेवया पाण्यात पडत होत्या आणि वर वाफ लोंबत होती. आत शिरताच बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्यातल्या एकाने रुमाल नाकाला लावला. ओकुदासान कोटात, घामाने भिजलेले, खोकायला लागले. म्हणाले, आता बाहेर जाऊन बोलू.

इक्बालभाई तुझ्या जागेवर जाऊन उभे राहिले. बरोब्बर तिथेच. “उदयसाहेब इथे उभे राहायचे,” ते म्हणाले, आणि एकेक गोष्ट सांगायला लागले. सकाळी काय करायचे, डोकं किती वाकवायचे, झाकण कसं उघडायचे. बाई डोळे पुसत होत्या पण हलत नव्हत्या, आणि त्या हलत नाहीत तोवर ओकुदासानना जाता येत नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते की मी कधी इंग्रजीत सांगते आणि कधी संपतं.

मी सांगितलं, मामा. एकही वाक्य गाळलं नाही. घसा जळत होता तरी मी प्रत्येक शब्द नीट लावून, मध्ये थांबून, विचारून, पुन्हा सांगून, सावकाश सांगितलं. ओकुदासानचा खोकला ऐकत, फार सावकाश.